टेबलाखालच्या छत्तीस टाइल्स

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९.१०

ही वही नातीने दिली. तिच्या ऑफिसात प्रत्येकाला अशी वही ठेवावीच लागते म्हणे. तारीख घालायची, वेळ घालायची, काय केलं, काय बिघडलं ते खरं खरं लिहायचं. मी म्हटलं, मलाही दे एक. ती म्हणाली, आजी, तू काय लिहिणार? म्हटलं, तू लिहितेस तेच, आपण दोघी एकाच प्रोजेक्टवर आहोत ना. ती हसली आणि कपाटातून काढून दिली. म्हणजे मान्य केलं.

माझं शिक्षण चौथी. चौथी पास नव्हे, चौथीपर्यंत. पण अक्षर टपोरं आहे आणि हे वाचायला कुणी बसलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ देवाच्या हवाली.

प्रोजेक्ट काय ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझं मलाच कळेल. अंतराळात जाऊन परत येणारं एक यान आहे. परत येताना त्याचं पोट असं तापतं की लोखंडाचं पाणी व्हावं. म्हणून पोटाला खालून काळ्या टाइल्स चिकटवलेल्या. हजारो. (फरशी म्हणायचं नाही. नात चिडते.) यान उतरलं की मोठ्या शेडमध्ये उभं करतात आणि माणसं त्याच्या पोटाखाली उताणी होऊन एकेक टाइल तपासतात. कुठे चीर, कुठे टवका. शिवाय प्रत्येकीत इंजेक्शनने औषध भरायचं, पाणी मुरू नये म्हणून. ते औषध नाकातोंडात गेलेलं वाईट. माणसांच्या पाठी कामातून जातात. तर माझी नात ह्या कामासाठी रोबो बनवते. बसका, चाकांवर चालणारा, मान लांब करून वर बघणारा. मी त्याला कासव म्हणते. आता सगळं ऑफिस कासव म्हणतं. नाव मी ठेवलं, ही नोंद.

२८ तारखेला टेस्ट. पास झालं तर कासव खऱ्या यानाखाली जाणार. नापास झालं तर प्रोजेक्ट बंद आणि नातीची बदली कागदपत्रांच्या खात्यात. तिथे माणूस सकाळी जातो आणि संध्याकाळपर्यंत स्टेपलर शोधतो, असं ती सांगते. सांगताना हसते, पण जेवण टाकते.

मी इथे पंधरा दिवसांसाठी आले होते. सात महिने झाले. प्रोजेक्ट अर्ध्यावर टाकून कशी जाणार?

गुरुवार, ६ मार्च. दुपारी ३.००

शेड आठवड्यातून दोनच दिवस मिळते, बाकी दिवस दुसऱ्यांची कामं. म्हणून नातीने जेवणाच्या टेबलाला खालून छत्तीस टाइल्स बसवल्या आणि सरावासाठी एक लहान कासव घरी आणलं. थोरलं शेडमध्ये, धाकटं आमच्याकडे. वरती आपण जेवायचं, खाली ते काम करणार. असं टेबल जगात दुसरं नसेल.

धाकटं फिरताना बघितलं. तोंड न वळवता आडवं सरकतं, खेकड्यासारखं. हे मीच सुचवलं होतं. मनातल्या मनात, पण सुचवलं होतं. सोफ्याखालचा केर काढताना मला नेहमी वाटतं की माणसाला आडवं सरकता यायला पाहिजे.

वर बघणारा कॅमेराही माझाच म्हणायला हरकत नाही. गेल्या वर्षी मी फोनवर नातीला म्हटलं होतं, बाळ, वर बघून चालत जा. त्यातूनच तिला सुचलं असणार. ती नाही म्हणते. शिकलेल्या माणसांना आठवत नाही कुठून काय आलं.

रविवार, ९ मार्च. सकाळी ११.३०

धाकट्याच्या मानेला लोकरीची टोपी विणली. कॅमेऱ्यावर धूळ बसू नये म्हणून. हिरवी. फार गोड दिसत होतं.

आंधळं होऊन ते कपाटावर आपटलं, तिथून फ्रिजवर, तिथून माझ्या घोट्यावर. नातीने टोपी काढली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, आजी, ह्याला डोळा एकच आहे गं.

ठराव: आजपासून नातीच्या कामात हात घालायचा नाही. तोंडी सल्ला तेवढा द्यायचा, आणि तोही विचारला तर.

संध्याकाळी ५.००. अजून कुणी विचारला नाही.

सोमवार, १० मार्च. दुपारी १२.४५

आज फार मोठं काम केलं. लिहिताना हात ठणकतोय. टेबलाखालून उठताना आपटला.

झालं असं. नात ऑफिसला गेली. माझा चष्मा टेबलाखाली पडला. काढायला वाकले, वाकले ती बसले, बसले ती आडवीच झाले, कारण गुडघे अर्ध्यावर थांबत नाहीत. आणि वर बघते तर काय! त्या छत्तीस टाइल्सवर ओरखडे! कुठे टवका उडालेला, कुठे चीर, कुठे खिळ्यासारखं भोक. मोजले. अकरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडम कधीही घरी येतील असं ती म्हणत होती. येतील, वाकून बघतील, म्हणतील, हिला साध्या टाइल्स सांभाळता येत नाहीत आणि यान सांभाळायला निघाली.

मी तीस वर्षं कपड्याच्या दुकानात रफू केलंय. कोट, साड्या, सुटाच्या पँटी. कुठे फाटलं होतं हे मालकालासुद्धा सापडायचं नाही. (माझी लेक म्हणते की तिच्या शाळेच्या स्वेटरचा कोपर सगळ्या वर्गाला पाठ होता. तिला काय कळतंय.)

पांढरी टूथपेस्ट आणि काळं बूटपॉलिश. पेस्टने भोक भरायचं, वाळू द्यायचं, वरून पॉलिश, मग जुन्या मोज्याने हलकं हलकं घासायचं. अकराच्या अकरा गायब. हात फिरवला तरी कळेना. उताणं झोपून काम करणाऱ्या माणसांची पाठ का जाते ते समजलं. माझी दोन तासांतच गेली.

हा हात घालण्यात धरायचा नाही. ही डागडुजी.

नातीला सांगणार नाही. तिचं तिला कळू दे, मग बघू चेहरा.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी ६.२०

आज धाकट्याने टेबलाखाली सगळी फेरी मारली. मागच्या आठवड्यात त्याने अकरा दोष काढले होते. आज काढले शून्य. शून्य! मी टाळ्या वाजवल्या.

नातीचा चेहरा उतरला. परत फेरी मारली. शून्य. परत. शून्य. मी म्हटलं, बाळ, इतका स्वच्छ रिपोर्ट शाळेत कधी आणला नव्हतास. तिने चौथी फेरी लावली. पोर दमली आहे. लोह कमी असेल.

गुरुवार, १३ मार्च. रात्री ८.१५

वायरवाला आला होता. म्हणजे नातीबरोबर काम करतो तो उंच मुलगा, खिशात कायम वायरीचे तुकडे. दोघं चार तास लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली. कॅमेरा खोलला, पुसला, लावला. दिवा बदलला. कुठलासा नंबर बदलला, परत होता तसा केला. चार तासांत टेबलाखाली मात्र एकदाही कुणी वाकलं नाही. ताट समोर आणि घास शोधतायत फोटोत.

मग जेवताना मी सहज विचारलं, काय हरवलंय तरी काय? नात म्हणाली, आजी, त्या टाइल्सवर मी मुद्दाम अकरा ओरखडे केले होते. खिळ्याने. कुठे केले त्याचा नकाशा आहे माझ्याकडे. ते कासवाला सापडतात का, हीच तर परीक्षा. मागच्या आठवड्यापर्यंत सापडत होते. आता त्याला काहीच दिसत नाही.

मला ठसका लागला. वायरवाल्याने पाणी दिलं. चांगला मुलगा आहे.

मुद्दाम! आपल्या हाताने चांगली वस्तू खराब करायची आणि दुसऱ्याला शोधायला लावायची. हे मला चौथीत कुणी शिकवलं नव्हतं.

ठराव: उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकायचं. एका वाक्यात. बाळ, ते मी बुजवले. झालं.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी ८.००

चहा झाला. सांगितलं नाही. ती फोनवर होती.

सकाळी ८.२०. फोन संपला. तिने विचारलं, आजी, काही म्हणत होतीस? मी म्हटलं, साखर संपली आहे. साखर संपलेली नव्हती. आता डबा लपवावा लागला.

शनिवार, १५ मार्च. सकाळी १०.००

शनिवारी वाईट बातमी सांगू नये. माणूस आठवडाभराचा दमलेला असतो.

शिवाय नातीने आता तिच्या पद्धतीने इलाज केला आहे. कासवाची नजर वाढवली. लॅपटॉपमध्ये एक आकडा असतो, तो पाचाचा नऊ केला. म्हणजे आधी जे दिसत नव्हतं तेही दिसेल. थोरल्याचाही मंगळवारी शेडमध्ये नऊ करणार.

मी विचार केला. तिने ओरखडे केले, मी बुजवले. मग मीच परत केले तर? हिशोब जागच्या जागी. कुणाला सांगायला नको, कुणी रडायला नको. ह्याला म्हणतात डोकं. नात दुपारी बाहेर जाणार आहे.

दुपारी ४.३०. केले. घरात खिळा मिळाला नाही, केसातली पिन आणि बटाटे सोलायची सुरी वापरली. अकराच करायचे होते. पण नक्की कुठे होते ते आठवेना, कारण रफू इतकं सुंदर झालं होतं. कधी कधी माणसाला त्याचं कौशल्यच नडतं. मग अंदाजाने केले. इथे असेल, नाही, इथे असेल, असं करत चार-दोन जास्त झाले असतील.

रविवार, १६ मार्च. दुपारी १.००

एकोणीस. धाकट्याने एकोणीस काढले.

नातीने नकाशा जवळ धरला. नकाशावरचे त्यात चारच. बाकी सात त्याला दिसले नाहीत आणि जिथे काही नाही तिथे पंधरा दिसले. ती खुर्चीत बसली आणि नुसती बसूनच राहिली. म्हणाली, आजी, ह्याला भास होतात.

लिहायला लाज वाटते पण इथे खरं लिहायचं असतं. मला अभिमान वाटला. त्यातला एक ओरखडा मी पिनेच्या टोकाने केला होता, केसाएवढा, आणि तोही कोपऱ्यात. तोसुद्धा पकडला हो त्याने! काय नजर! आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. भासबिस काही नाही, एकोणीसच्या एकोणीस खरे, माझ्या घामाचे.

ठराव: सोमवारी सांगणार.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळी ७.००

सोमवारी पाठ धरली होती.

आज शेडमध्ये थोरल्याला नऊच्या नजरेने चालवलं. तिथे लाकडी मांडवाला खालून एकशेवीस टाइल्स लावल्या आहेत. त्याने एकशेवीसच्या एकशेवीस खराब ठरवल्या. ट्यूबलाइटची सावली चीर म्हणून लिहिली. वायरवाल्याच्या अंगठ्याचा ठसा मोठा धोका म्हणून लिहिला. टाइलवाले काका तिथे उभे होते. म्हणजे पस्तीस वर्षं हाताने टाइल्स बसवणारे, पाठीला पट्टा बांधून चालतात. टेस्टच्या कमिटीत मोठ्या मॅडम आणि हे. ते म्हणाले, पोरी, तुझ्या कासवाला कावीळ झाली आहे, त्याला सगळं जगच पिवळं दिसतंय. सगळे हसले.

नातीने मला हे सांगितलं तेव्हा तीही हसत होती. मग हसता हसता भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

दहा दिवस राहिले.

गुरुवार, २० मार्च. सकाळी ११.१०

लेकीचा फोन. म्हणाली, आई, पोरीचा आवाज फार खोल गेलाय, तुला काही माहीत आहे का? म्हटलं, मला काय माहीत असणार, मी चौथी शिकलेली बाई. चौथी मी एरवी कुणाला सांगत नाही. पण अडचणीच्या वेळी फार उपयोगी पडते.

ती म्हणाली, तू तिथे काही दुरुस्त तर केलं नाहीस ना? पोटच्या पोरी म्हणजे पोलीस. मी म्हटलं, कुकर झाला, ठेवते. कुकर लावलाच नव्हता.

दुपारी २.००. सराव केला. धाकट्याला समोर घेऊन बसले आणि त्याला सगळं सांगितलं. टूथपेस्टपासून सुरीपर्यंत. फार सोपं गेलं. मान वर करून ऐकत होतं. ह्याच सुरात नातीला सांगायचं.

दुपारी २.३०. धाकटं बंद होतं. तरीही मन हलकं झालं, ते काही कमी नाही. इतकं हलकं झालं की आता नातीला सांगायची तेवढी घाई वाटत नाही.

शनिवार, २२ मार्च. दुपारी १२.००

झालं.

सकाळी नात लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, आजी, मॅडमना पत्र लिहिलंय, ऐक, मराठीत सांगते. त्यात होतं की माझ्या रोबोच्या नजरेवर माझा विश्वास राहिलेला नाही. एकदा त्याला काही दिसत नाही, एकदा नसलेलं दिसतं. चूक कुठे आहे ते मला दहा दिवसांत सापडलेलं नाही. अशा रोबोला यानाखाली सोडणं बरोबर नाही. तरी २८ तारखेची टेस्ट रद्द करावी आणि माझी बदली करावी.

बदली करावी, हे तिने स्वतःच लिहिलं होतं. कुणी न सांगता.

मग विचारलं, बरोबर लिहिलंय ना? आणि बोट बटणावर ठेवलं.

मी एका वाक्यात सांगणार होते. आठ दिवस ते वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते असं: की चष्मा पडला, की गुडघे, की मोठ्या मॅडम काय म्हणतील, की दुकानातला कोट, की टूथपेस्ट तुझीच होती, की तुझ्या आईलाही संशय आला, की तूच ओरखडे कशाला केलेस, की पिन, की सुरी, की साखरेचा डबा कणकेच्या मागे आहे. सगळं उलटसुलट.  ती टॉर्च घेऊन टेबलाखाली गेली. बराच वेळ तिचे पायच तेवढे दिसत होते.

बाहेर आली तेव्हा नखाला काळं पॉलिश. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, आजी, मी दहा दिवस स्वतःला मूर्ख समजत होते गं.

मी साखरेचा डबा परत जागेवर ठेवला.

रविवार, २३ मार्च. सकाळी ९.००

पत्र पाठवलं नाही. वायरवाला आला, त्याला सांगितलं, तर तो जमिनीवर बसून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नात हसली नाही. दोघांनी नऊचा परत पाच केला, टेबलाखालच्या जुन्या टाइल्स काढून नव्या बसवल्या, नवे अकरा ओरखडे केले. धाकट्याने अकरा काढले.

नात माझ्याशी बोलते आहे. पण बँकेतल्या ताई बोलतात तसं. आजी, औषध घेतलं? आजी, दार लावून घे. टेबलाभोवती तिने लाल पट्टी चिकटवली आहे. मी जेवायला स्वयंपाकघरात बसते. माझं मीच ठरवलं. पट्टी ओलांडायची म्हणजे सही करावी लागते असं वायरवाला म्हणाला. मस्करीत म्हणाला. तरी मी केली सही.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी १०.४०

आज टेस्ट. मला नेलं नाही. मी तयार होऊन दारात उभी होते, नवी साडी, हातात डबा. नात म्हणाली, आजी, तू घरीच थांब, प्लीज. तो प्लीज मला टोचला.

आतापर्यंत सुरू झालं असेल. कमिटीने रात्रभर शेडला कुलूप लावून एकशेवीस टाइल्सवर आपले गुपचूप दोष केलेत. किती ते कुणाला माहीत नाही.

माझा अंदाज असा. कासव पास होणार. मग मोठ्या मॅडम विचारणार, ह्या यशाचं श्रेय कुणाला? नात सगळ्यांना थांबवून म्हणणार, माझ्या आजीला, जिने ऐन वेळी खरं सांगितलं. (ऐन वेळी. उशिरा असं कुणी म्हणणार नाही.)

सकाळी ११.५०. फोन नाही.

दुपारी १२.१०. फोन नाही. धाकट्यालाच विचारलं. काय सांगणार ते.

दुपारी १२.३५. आला! पास! नऊ दोष होते, नऊ काढले, एक कमी नाही एक जास्त नाही. नात फोनवर किंचाळत होती. आजी आजी आजी, असं तीन वेळा म्हणाली. पहिल्यासारखं. मी स्वयंपाकघरातून उठून थेट लाल पट्टी ओलांडून टेबलाशी जाऊन बसले. सही केली नाही.

शनिवार, २९ मार्च. सकाळी ९.३०

काल माझं नाव खरंच निघालं. म्हणजे नाव नाही, उल्लेख.

कमिटीने नातीची वही मागितली. नियमच आहे. त्यात दिसलं की ह्या महिन्यात नजरेचा आकडा पाचाचा नऊ आणि नवाचा पाच झालाय. मॅडमनी विचारलं, असं का? नातीने खरं लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं: घरच्या टेबलावर अप्रशिक्षित व्यक्तीने न सांगता दुरुस्ती केली. अप्रशिक्षित व्यक्ती म्हणजे मी. मोठा शब्द आहे. पूर्वी मला कुणी इतक्या मोठ्या शब्दाने हाक मारली नव्हती.

सगळे हसले, टाइलवाले काका हसले नाहीत. म्हणाले, मॅडम, ही हसायची गोष्ट नाही. खऱ्या शेडमध्येही हे होतं. कुणाचा पाना निसटतो, टाइलचा टवका उडतो, बोलणी बसतील म्हणून पोरगं गुपचूप भरून टाकतं. वरून दिसत नाही. यान परत येताना तो भराव निघतो, आणि मग काय होतं ते मी सांगायला नको. कासवाला उघडा दोष सापडतो हे ठीक, पण झाकलेला सापडायला पाहिजे. त्याला तो सापडत नाही हे ह्या पोरीच्या घरीच कळलं, यानाखाली नाही, हे आपलं नशीब.

तर ठरलं असं. कासव पुढच्या महिन्यात खऱ्या यानाखाली जाणार. सोबत त्याला झाकलेल्या दुरुस्त्या ओळखायला शिकवायचं. एक नवा दिवा बसवायचा, तिरका पडणारा. आणि शिकवायला नमुने लागणार. म्हणजे कुणीतरी गुपचूप दुरुस्ती करणारं माणूस.

नात माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, आजी, येशील?

मी म्हटलं, विचार करून सांगते. साडी इस्त्रीला टाकून आले.

लेकीला फोन केला. म्हटलं, मला यानाच्या कामावर बोलावलंय.  ती म्हणाली, आई, माझ्या स्वेटरचा कोपर केलास तसंच काम कर म्हणजे झालं. मत्सर.

बुधवार, ९ एप्रिल. संध्याकाळी ५.००

आज जाऊन आले.

गळ्यात पास होता. त्यावर माझा फोटो आणि खाली छापलेलं, पाहुणी, कामानिमित्त. शेड बघितली. बाप रे. आमच्या गल्लीतली सगळी घरं आत मावतील. काचेपलीकडे यान उभं होतं. त्याचं काळं पोट खालून बघितलं, हजारो टाइल्स, एकीसारखी दुसरी नाही, प्रत्येकीवर नंबर. मी हात जोडले. गार्डने विचारलं, आजी, काय झालं? म्हटलं, काही नाही, इतका नीट शिवलेला कपडा बघितला नव्हता.

मग मला एका बाकावर वीस खराब टाइल्स दिल्या आणि सगळं सामान. टूथपेस्ट नाही, खरं पुट्टीसारखं काहीतरी, खरा काळा रंग. नात म्हणाली, आजी, मन लावून लपव, अजिबात दया करू नकोस. मी तीन तास मान वर केली नाही. आयुष्यातलं सगळं ओतलं. एकेक टाइल अशी केली की मॅडमनी दोन वेळा फिरवून बघितली आणि म्हणाल्या, कुठे आहे हो? मी आतल्या आत इतकी फुलले की बाकावरून उठायलाच जमेना.

थोरलं कासव आलं. तिरका दिवा लावला. चार मिनिटं लागली. वीसपैकी वीस.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वायरवाल्याने नातीला उचललंच जवळजवळ. माझी नात हात वर करून उड्या मारत होती, लहानपणी मारायची तशी. मी आधी वाजवल्या नाहीत, कारण मी हरले होते. मग बघितलं की ती जिंकली आहे. मग मीही वाजवल्या. दोन्ही बाजूंनी एकच माणूस असला की फार गोंधळ होतो.

मग टाइलवाल्या काकांनी पाच टाइल्स भरल्या. वीस मिनिटांत, गप्पा मारत. कासवाला पाचांतली एक सापडली.  पस्तीस वर्षांत काका हे इतकं सुंदर लपवायला कुठे शिकले असतील, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर आला. काका छताकडे बघायला लागले.

मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं. इथून पुढे नमुने काका करणार. माझ्या दुरुस्त्या कासवाला फार सोप्या पडतात, त्याने त्याचं काही शिकणं होणार नाही. हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. आभार मानले, चहा दिला, बिस्किट दिलं. पास दुपारी एकपर्यंतचाच होता, तो गार्डने दारात काढून घेतला. फोटो तरी द्या म्हटलं, तर तो पासलाच चिकटलेला.

निघताना काका माझी एक टाइल हातात घेऊन बराच वेळ उजेडात बघत होते. मला विचारलं, आजी, हे काम शिकवलं कुणी तुम्हाला? मी म्हटलं, कुणी नाही, माझं मीच. ते म्हणाले, ते दिसतंय.

तेव्हापासून मी ह्या वाक्याचा विचार करते आहे. इतका जाणता माणूस, तीस जणांसमोर, टाइल हातात घेऊन म्हणतो. घरी येताना गाडीत नातीला विचारलं, ते कौतुकच होतं ना गं?

ती म्हणाली, आजी, बेल्ट लाव.